पावती हातात असलेल्यांचं बंड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडातलं 1381 चं बंड, 1450 चं जॅक केडचं बंड, 1497 चं कॉर्नवॉलचं बंड ही सगळी 'उपाशी शेतकऱ्यांची बंडं' होती असं तुम्ही वाचलंत. मग केंट, एसेक्ससारखे लंडनलगतचे, खाऊनपिऊन बरे असलेले भागच त्यात पुढे का? दर वेळी बंड मोडलंच, तर इतिहासकार त्यावर एवढी शाई का खर्च करतात? आणि हे सगळं आपल्या 1875 च्या दख्खनच्या दंग्यांसारखंच होतं का?

मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजात मध्ययुगीन युरोप शिकवला. माझं स्वतःचं काम 1450 च्या बंडानंतर राजानं दिलेल्या माफीपत्रांवरचं आहे, त्यामुळे उत्तर त्या बाजूला थोडं कलणार, हे आधीच सांगून ठेवते. शिवाय या बंडांना एकच एक कारण चिकटवणाऱ्यावर माझा विश्वास नाही. 1381 च्या त्याच जून महिन्यात एसेक्सचा शेतकरी भूदासकी (मालकाच्या जमिनीशी जखडलेलं जिणं) मोडायला निघाला होता, सेंट ऑल्बन्सचे गावकरी मठाशी असलेलं जुनं भांडण उकरून काढत होते, आणि उत्तरेत यॉर्क, बेव्हरली, स्कारबरो या शहरांत कारभार बळकावून बसलेल्या धनिकांविरुद्ध बाकीचे असा घरचाच झगडा चालला होता. बाहेरून बघणाऱ्याला एक बंड दिसतं, आत शिरलं की दहा सापडतात.

तरी तुमच्या प्रश्नातली मेख बरोबर आहे. चिडायला कारणं देशभर होती. चिडलेल्यांपैकी उठणं जमलं कुणाला, हे शोधायला हवं.

आधी भूक. 1348-49 च्या प्लेगनं इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं नेली. जमीन तेवढीच राहिली, राबणारे हात कमी झाले. मजुरी वाढली, जमिनीचा खंड उतरू लागला. सरकारनं 1349 साली फर्मान आणि 1351 साली कायदा करून मजुरी प्लेगच्या आधीच्या दरावर बांधून ठेवली. जास्त मागणाऱ्याला दंड, नाहीतर पायखोडा. कायदा असूनही दर चढतच राहिले, आणि कायद्याखाली पकडलेल्यांची प्रकरणंही साचत राहिली. म्हणजे 1381 चा माणूस आपल्या आजोबांपेक्षा बरं जेवत होता, आणि आणखी बरं जेवण्यापासून आपल्याला कोण अडवतंय त्याचं नावही त्याला ठाऊक होतं. हे उपासमारीपेक्षा वेगळं रसायन आहे.

आता कर. वर्गात मी फळ्यावर दोन आकडे लिहायचे. 1377 च्या डोईपट्टीत माणशी चार पेनी द्यायचे होते, चौदा वर्षांवरच्या प्रत्येकानं. ती भरली सुमारे 13 लाख 55 हजार लोकांनी. 1380 च्या शेवटी मंजूर झालेली तिसरी डोईपट्टी माणशी बारा पेनी, पंधरा वर्षांवरच्यांसाठी. ती भरली सुमारे 8 लाख 96 हजारांनी. मग मी विचारायचे, "चार वर्षांत साडेचार लाख माणसं गेली कुठे?" दर वर्षी कुणीतरी "प्लेग!" म्हणायचंच. पंधरा वर्षं पूर्ण झाली नाहीत म्हणून थोडी सुटली असतील, पण बाकीची कुठेच गेली नव्हती. ती घरात होती, यादीत नव्हती. 1381 च्या याद्या वाचताना लक्षात येतं की विधवा आया, लग्न न झालेल्या बहिणी, वयात आलेल्या मुली आणि घरगडी पानोपानी गायब आहेत. गावंच्या गावं नुसत्या नवराबायकोंची. मजुराची रोजी तेव्हा साधारण तीन-चार पेनी होती. घरात चार माणसं मोजली गेली तर दोन आठवड्यांची कमाई एका फटक्यात जाणार.

आता यादी करायचं कोण? गावचाच कॉन्स्टेबल (आजचा पोलीस नव्हे, गावची व्यवस्था बघणारा गावकरी) आणि गावातलीच दोन-चार वजनदार माणसं. गावाच्या संमतीशिवाय साडेचार लाख माणसं लपत नाहीत. माझ्या मते बंडाची खरी सुरुवात इथे आहे, तलवारीच्या आधी, कागदावर. मार्च 1381 मध्ये सरकारनं फेरतपासणीला अधिकारी धाडले, तेव्हा ते गरिबांच्या अंगावर गेलेच, पण ज्यांच्या जोरावर सरकारचा गावातला कारभार चालायचा त्या गावकारभाऱ्यांनाच त्यांनी खोटं पाडलं.

30 मे 1381 ला एसेक्समधल्या ब्रेंटवुडला काय झालं ते नीट बघा. जॉन बॅम्प्टन नावाचा अधिकारी आसपासच्या गावांना बोलावून वसुलीची चौकशी करत होता. थेम्सच्या दलदलीकाठच्या फॉबिंग गावची माणसं आली. समकालीन इतिवृत्तात त्यांचं उत्तर नोंदलं आहे: आम्ही एक पेनीही देणार नाही, कारण याच कराची तुमचीच पावती आमच्याकडे आहे. बॅम्प्टननं अटकेचा हुकूम सोडला. मग फॉबिंग, कॉरिंगम आणि स्टॅनफर्डचे शंभराहून जास्त लोक एकत्र झाले आणि बॅम्प्टनला जीव घेऊन लंडनकडे पळावं लागलं. पुढे सरन्यायाधीशांपैकी एक, रॉबर्ट बेल्कनॅप, शिक्षा करायला आला, तर त्यालाही लोकांनी परतवून लावलं.

या प्रसंगातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मला 'पावती' वाटतो. पावती मागून घेणारा, जपून ठेवणारा आणि वेळेला ती तोंडावर फेकणारा माणूस अगदी तळाचा नसतो.

आता केंट. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण केंटमध्ये भूदासकी जवळजवळ नव्हतीच. केंटच्या रीतीप्रमाणे जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जायची, विकता यायची, आणि बाप केंटमध्ये जन्मला होता एवढं दाखवलं तरी कोर्टात माणूस स्वतंत्र ठरायचा. तरीही 1381 मध्ये केंट एसेक्सच्या बरोबरीनं पुढे. त्याच इतिवृत्तात गोष्ट अशी आहे की राजाच्या मर्जीतल्या सायमन बर्ली या सरदाराच्या वतीनं ग्रेव्हजएंडच्या एका माणसावर 'हा आमचा भूदास' असा दावा लावला गेला. गाववाल्यांनी तडजोड करून बघितली, तर 300 पौंड मागितले. माणूस रॉचेस्टरच्या किल्ल्यात कोंडला गेला, आणि 6 जूनला लोकांनी किल्ला ताब्यात घेऊन त्याला सोडवलं. जिथे कुणी भूदास नाही तिथे कुणाला भूदास म्हणणं, याची चीड पिढीजात भूदासाच्या चिडीपेक्षा वेगळी असते. ज्याला स्वातंत्र्याची चव माहीत आहे तो ते जायच्या भीतीनं लवकर उठतो.

केंटबद्दल आणखी दोन गोष्टी. डोव्हर आणि कँटरबरीहून लंडनला जाणारा रस्ता या प्रांतातून जातो. बातमी, अफवा, फौज, हरलेले सैनिक, यात्रेकरू, सगळं याच रस्त्यानं. दुसरं म्हणजे समुद्रकिनारा. शेजारच्या ससेक्समधलं राय बंदर 1377 ला जळलं, केंटचं ग्रेव्हजएंड 1380 ला. अशा भागात प्रत्येक गावानं किती धनुर्धारी कुठे जमवायचे हे ठरलेलं असायचं, आणि जमवायचं काम कॉन्स्टेबलचं. म्हणजे बंडाला लागणारी यंत्रणा सरकारनंच तयार करून ठेवली होती. केंटच्या बंडखोरांनी लंडनला निघताना हुकूम काढला की समुद्रापासून बारा लीगच्या (एक लीग म्हणजे साधारण तीन मैल) आत राहणाऱ्यांनी आमच्याबरोबर येऊ नये, किनाऱ्याची राखण करावी. हे वाचलं तेव्हा मी क्षणभर थांबले होते. राजाचा आर्चबिशप मारायला निघालेले लोक राजाच्या किनाऱ्याची काळजी घेतायत! पण त्यांच्या लेखी यात विसंगती नव्हती. त्यांचा परवलीचा शब्दच मुळी 'राजा रिचर्ड आणि सच्ची प्रजा' असा होता. राजा चौदा वर्षांचा, निरागस, कारभारी चोर. हे गणित पुढची सव्वाशे वर्षं फारसं बदललं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, तारखांची. 1381 मध्ये पेंटेकॉस्टचा रविवार 2 जूनला होता आणि कॉर्पस क्रिस्टीचा सण 13 जूनला. बंड पसरलं ते याच दोन सणांच्या मधल्या दिवसांत, आणि 13 तारखेला लंडनचे दरवाजे उघडले गेले. 1450 मध्येही केंटची हालचाल पेंटेकॉस्टच्या आसपासच सुरू झाली. सणाला चार गावची माणसं एकत्र येतात, मिरवणूक निघते, बिअर वाहते. गर्दी जमवायला वेगळं निमित्त शोधावं लागत नाही.

लंडनमधले तीन दिवस तुम्ही कुठल्याही पुस्तकात वाचाल, म्हणून घाईनं सांगते. 13 जूनला राजाचा चुलता जॉन ऑफ गाँट याचा सव्हॉय राजवाडा जाळला. 14 ला राजा माइल एंडला भेटला आणि भूदासकी रद्द, जमिनीचा खंड एकरी चार पेनी हे कबूल केलं. त्याच सुमारास लंडनच्या टॉवर या किल्ल्यात लोक घुसले आणि चॅन्सेलर असलेला आर्चबिशप सडबरी आणि खजिनदार हेल्स यांची मुंडकी उडवली. 15 ला स्मिथफील्डला महापौर वॉलवर्थच्या वारानं बंडखोरांचा पुढारी वॉट टायलर पडला आणि पोरसवदा राजानं जमाव आपल्या मागे वळवून शहराबाहेर नेला. याच दिवसांत लंडनमध्ये फ्लेमिश विणकर आणि व्यापाऱ्यांना चर्चमधून ओढून काढून कापलं, ही गोष्ट बंडाचं कौतुक करणारे पुष्कळदा गिळून टाकतात. गिळू नये.

माझा जीव रमतो तो लंडनबाहेर. सेंट ऑल्बन्सला श्रीमंत मठ होता आणि गाव मठाच्या मालकीचं. गावकऱ्यांनी धान्य मठाच्याच गिरणीत दळायचं, आणि त्याचा वाटा मठाला द्यायचा. लोक घरी जाती ठेवायचे. 1330 च्या दशकात रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड या मठाधिपतीनं ही जाती जप्त केली. (हा माणूस त्याच्या खगोलीय घड्याळासाठी प्रसिद्ध आहे. बुद्धी आणि माया एका घरात नांदतातच असं नाही.) जप्त केलेल्या जात्यांचे दगड त्यानं फोडले नाहीत, परत दिले नाहीत. मठाच्या बैठकीच्या खोलीत त्यांची फरशी बसवून घेतली. पन्नास वर्षं गावकरी आपल्या भांडणांचा निवाडा ऐकायला त्या खोलीच्या दाराशी जात होते, आणि पायाखाली आजीचं जातं होतं.

15 जून 1381 ला त्यांनी ती फरशी उखडली. दगड फोडून तुकडे केले आणि एकेक तुकडा प्रत्येकाच्या हातात दिला, रविवारी चर्चमध्ये प्रसादाचा पाव वाटतात तसा. हे लिहून ठेवणारा टॉमस वॉल्सिंगम त्याच मठातला साधू, बंडखोरांचा कट्टर द्वेष्टा. त्याला हे पाखंड वाटलं. पण द्वेष्ट्याच्या लेखणीतून आलं म्हणूनच ते मला खरं वाटतं. असं दृश्य कुणी कौतुकानं रचलं असतं तर मी शंका घेतली असती.

त्याच गावकऱ्यांची आणखी एक मागणी होती. राजा ऑफानं कित्येक शतकांपूर्वी आम्हाला स्वातंत्र्याची सनद दिली आहे, तिची मोठी अक्षरं एक सोनेरी, एक निळं अशी आहेत, ती मठानं लपवलीय, ती बाहेर काढा. मठाधिपती म्हणाला, अशी सनद नाहीच. बहुधा खरंच नव्हती. पण पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर ती इतकी स्पष्ट होती की अक्षरांचे रंगसुद्धा ठरलेले होते. याच्या चारच वर्षं आधी, 1377 मध्ये, दक्षिणेतल्या विल्टशर, हॅम्पशर, सरे या प्रांतांतल्या कित्येक गावांनी पैसे मोजून 'डूम्सडे' या 1086 च्या सरकारी नोंदवहीतले उतारे मिळवले होते, आमच्यावर वेठ नाही हे सिद्ध करायला. उतारे मिळाले, पण कोर्टात उपयोग झाला नाही. आधी दफ्तरात न्याय शोधायचा, तो मिळाला नाही की दफ्तर जाळायचं, असा हा क्रम आहे.

म्हणून कागद जाळणं म्हणजे अडाण्यांचा अक्षरद्वेष असं मी कधीच शिकवलं नाही. केंब्रिजला विद्यापीठाचे दस्त जाळताना मार्जरी स्टार नावाच्या बाईनं राख वाऱ्यावर उधळत पंडितांच्या विद्येचा धिक्कार केला, ही नोंद सगळ्यांना आवडते. पण बहुतेक ठिकाणी जमाव नेमकं मॅनरच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जहागिरीच्या, कोर्टाचं दप्तर शोधून काढत होता: कोण भूदास, कुणाकडे किती वेठ, मेल्यावर कुणाचं कुठलं जनावर मालकाला जाणार, हे लिहिलेल्या चर्मपत्राच्या गुंडाळ्या. बाकीच्यांना पुष्कळदा हातही लावला नाही. कुठला कागद गळ्याला फास आहे आणि कुठला ढाल, हे ओळखायला माणूस त्या कोर्टात उठबस केलेला लागतो. आणि तसेच लोक पुढे होते: गावचा कारभारी, पंच, कर वसूल करणारा.

बायकांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी मार्जरीचं नाव निघालंच आहे तर सांगते. सफोकमध्ये लेकनहीथला सरन्यायाधीश जॉन कॅव्हेंडिश जमावापासून पळत नदीकाठी आला. नावेत उडी टाकली असती तर वाचला असता. कॅथरिन गेमन नावाच्या बाईनं नाव काठापासून ढकलून दिली. बस, एवढंच केलं तिनं. नंतर 'बरी सेंट एडमंड्स' या गावच्या बाजारात त्याचं मुंडकं आणि तिथल्या मठाच्या प्रायरचं (मठाधिपतीच्या खालोखालच्या साधूचं) मुंडकं खांबांवर लावून एकमेकांच्या कानात कुजबुजताना, मुके घेताना दाखवत लोकांनी खेळ केला. दोघं जिवंतपणी मित्र होते.

आता 1450, माझा प्रांत. इथे आधी पुराव्याबद्दल बोलायला हवं. 1381 च्या खटल्यांत आरोपीचं नाव असतं, धंदा असेलच असं नाही. 1413 मध्ये कायदा झाला की आरोपपत्रात माणसाचा दर्जा किंवा धंदा आणि राहण्याचं ठिकाण लिहिलंच पाहिजे. कायदा झाला वकिलांच्या सोयीसाठी, उपयोग झाला माझ्यासारखीला. त्यामुळे 1450 च्या कागदांत माणूस जास्त स्पष्ट दिसतो.

लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मी त्या वर्षीची गुंडाळी उघडली तेव्हा पहिला अर्धा तास ती नुसती सरळ ठेवण्यात गेला. चर्मपत्राची कातडी एकीला एक शिवलेली. एका बाजूनं उलगडावी तर दुसरी बाजू गुंडाळून अंगावर येते. वजनाच्या माळा टाकून धरावी लागते. मग एकामागून एक माफी दिलेल्यांची नावं, गावागणिक, महालागणिक (महाल म्हणजे प्रांताचा पोटविभाग), काही हजार: शेतकरी, खाटीक, शिंपी, गवंडी, लोहार, मधूनच 'जंटलमन', आणि सारखे सारखे 'कॉन्स्टेबल'. काही महालांत तर कॉन्स्टेबलची नावं आणि पुढे 'आणि त्या महालातले बाकी सगळे'.

मी पहिल्या वर्षी उड्या मारल्या: सगळं केंट बंडात! माझ्या मार्गदर्शकांनी शांतपणे विचारलं, "माफी फुकट मिळतेय तर तू घेणार नाहीस का?" बरोबर होतं. पुढेमागे कुणी बोट दाखवू नये म्हणून नाव नोंदवलेले कितीतरी असणार. तेव्हा ती यादी म्हणजे बंडखोरांची हजेरी नव्हे. पण कॉन्स्टेबलच्या नावावर अख्खा महाल माफी घेतो, यावरून जमवाजमव कुठल्या मार्गानं झाली ते कळतं. राजाच्या फौजेसाठी ज्या वाटेनं माणसं बोलवायची, त्याच वाटेनं बंडाचा पुढारी जॅक केड याच्यासाठी बोलावली.

आणि केडच्या लोकांनी मागितलं काय? 1450 मध्ये भूदासकीचा विषय नावालाही नाही. फ्रान्समधली नॉर्मंडी हातची चाललेली, हरलेले सैनिक केंटच्या बंदरांत उतरतायत, राजा सहावा हेन्री कर्जात बुडालेला. 2 मे रोजी राजाचा लाडका ड्यूक ऑफ सफोक समुद्रात मारला गेला आणि त्याचं बिनमुंडक्याचं धड डोव्हरच्या वाळूत सापडलं. अफवा उठली की याचा सूड म्हणून केंटचं रान करून टाकणार. मग केंटच्या लोकांनी कैफियत लिहिली. आपल्या पेशवे दफ्तरात कैफियत असते अगदी तशी, कलमवार. राजानं आपल्या जमिनी वाटून टाकल्यात; पार्लमेंटच्या निवडणुकीत बडे लोक दडपण आणतात; शेरीफ, म्हणजे प्रांतातले राजाचे अधिकारी, आपली खाती मक्त्यानं देतात आणि मक्तेदार लोकांना पिळतो.

त्यातलं एक कलम आहे 'हिरव्या मेणा'चं. खजिन्याकडून दंडवसुलीचे जे हुकूम निघत त्यांवर हिरव्या मेणाचा शिक्का असे. गावात शिरस्तेदार यायचा, दुरून हिरवं मेण दाखवायचा, आणि पैसे काढायचा. हुकूम खरा की खोटा, आपल्या नावाचा की दुसऱ्याच्या, बघायला मिळणार नाही. ज्यानं हे कलम लिहिलं त्याच्या दारात तो माणूस येऊन गेला असणार. 'जुलूम' हा शब्द मोठा आहे. हिरवं मेण बोटाएवढं आहे आणि ते बोचतं.

केडचं पुढे काय झालं ते थोडक्यात. सेव्हनओक्सला राजाची तुकडी कापली, 3 जुलैला लंडनमध्ये शिरला, लंडन स्टोन नावाच्या शिळेवर तलवार आपटून शहर आपलं झाल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी खजिनदार लॉर्ड से याचा शिरच्छेद. पण लूट सुरू झाली तसं लंडन बिथरलं, आणि 5 जुलैच्या रात्री लंडन ब्रिजवर सकाळपर्यंत लढाई करून शहरानं त्याला बाहेर ठेवलं. त्याला माफी मिळाली ती 'जॉन मॉर्टिमर' या त्यानं घेतलेल्या नावानं. ते नाव खोटं म्हणून माफीही रद्द. 12 जुलैला ससेक्समध्ये पकडताना झालेल्या जखमांनी तो मेला.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ. 1381 मध्ये भांडण बरंचसं मालक आणि कर यांच्याशी, 1450 मध्ये सरळ राज्यकारभाराशी. पण दोन्ही वेळा पुढाकार गावातल्या मधल्या थराचा, साधन कागद आणि कॉन्स्टेबल, आणि तक्रार 'राजा चांगला, भोवतालचे वाईट' अशी. याच चष्म्यातून उत्तर आणि पश्चिम बघितली की प्रादेशिक बंडं म्हणजे काय ते उलगडतं.

1489 मध्ये सातव्या हेन्रीनं फ्रान्सलगतच्या ब्रिटनीतल्या मोहिमेसाठी कर लावला. यॉर्कशरच्या लोकांचं म्हणणं, स्कॉटलंडची सीमा आम्ही रक्त सांडून राखतो, परंपरेनं असले कर आम्हाला लागत नाहीत. वसुलीचा निरोप घेऊन आलेल्या अर्ल ऑफ नॉर्थंबरलंडला त्यांनी थर्स्कजवळ ठार केलं, आणि त्याचे पदरचे लोक बघत राहिले. आठ वर्षांनी, 1497 मध्ये, त्याच राजानं स्कॉटलंडच्या मोहिमेसाठी कर लावला. आता कॉर्नवॉल म्हणालं, स्कॉटलंडची सीमा उत्तरेची जबाबदारी, देशाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आम्ही का भरायचं? दोन्ही युक्तिवाद शेजारी ठेवून बघा. कर देशाचा आणि व्यवहार प्रांतांचा, अशी ती अडचण होती.

कॉर्नवॉलला आणखी एक जखम होती. तिथल्या कथिलाच्या खाणकामगारांची स्वतःची न्यायालयं आणि सवलती होत्या. राजानं त्या नुकत्याच काढून घेतल्या होत्या. आणि भाषा वेगळी. सेंट केव्हर्नचा लोहार मायकल जोसेफ याला लोक 'आन गॉफ' म्हणत, कॉर्निश भाषेत त्याचा अर्थच लोहार. त्याच्या जोडीला बॉडमिनचा वकील टॉमस फ्लॅमँक. लोहार आणि वकील! या बंडांची याहून चांगली व्याख्या मला वर्गात कधी करता आली नाही. ते एक्सेटर, वेल्स, सॉल्सबरी, विंचेस्टर करत, वाटेत फारशी मारामारी न करता, थेट केंटला गेले. का? तर केंट म्हणजे बंडखोरांची भूमी, तिथली माणसं सामील होणार.

केंट हललं नाही. 1495 मध्ये पर्किन वॉरबेक हा राजपुत्र म्हणवणारा तोतया केंटच्या डील किनाऱ्यावर उतरायला बघत होता तेव्हा तिथल्या लोकांनीच त्याची माणसं कापली होती आणि राजाची मर्जी मिळवली होती. 1497 मध्ये केंटच्या पुढाऱ्यांचं राजाशी जमत होतं, कर तितका बोचत नव्हता. तुमच्या 'केंटच का' या प्रश्नाचं निम्मं उत्तर या नकारात आहे. रस्ता तोच, किनारा तोच, कॉन्स्टेबल तेच. मधल्या थराचा संसार दरबाराशी नीट चालला होता, एवढाच फरक. 17 जूनला डेप्टफर्डच्या पुलाशी कॉर्नवॉलचे लोक एकटे लढले आणि हरले. लोहार आणि वकील दोघांना 27 जूनला टायबर्नला फाशी दिलं.

दख्खनच्या दंग्यांबद्दल. 12 मे 1875 ला सुप्याला सावकारांच्या वह्या आणि रोखे काढून जाळले, ते वाचताना सेंट ऑल्बन्स आठवतंच, नाही म्हणत नाही. दोन्हीकडे माणसांपेक्षा कागदावर राग जास्त. पण सुप्याचा कागद कर्जाचा होता आणि त्यामागे कंपनीनंतरच्या सरकारचं दिवाणी कोर्ट होतं; एसेक्सचा कागद माणसाच्या जन्माचा होता. परीक्षेत तुलना केलीत तर हा फरक लिहा, नाहीतर तुलना पोकळ होते.

आता 'सगळी फसली, मग काय' हा मुद्दा. 1381 मध्ये माइल एंडला तीसेक कारकून बसून मुक्तीची पत्रं लिहीत होते. 2 जुलैला राजानं ती सगळी रद्द केली. वॉल्सिंगम म्हणतो की एसेक्सचे लोक पत्रं दाखवायला गेले तेव्हा राजानं, तुम्ही गावंढळ होता आणि गावंढळच राहाल, असं सुनावलं. फासावर चढले ते चढले. पण तशी डोईपट्टी मध्ययुगात इंग्रज प्रजेवर पुन्हा कुणी लावली नाही. कॉर्नवॉलला 1508 मध्ये राजानं कथिल कामगारांचे हक्क परत दिले, वर त्यांच्या सभेला नवे नियम नाकारायचा अधिकार दिला. त्यासाठी 1000 पौंड वाजवून घेतले, हेही खरं.

भूदासकी कुठल्या एका कायद्यानं गेली नाही. पंधराव्या शतकात मालकांना कुळं मिळेनात, वेठीऐवजी रोख खंड आला, आणि कुळाचा हक्क कसा सिद्ध करायचा हा प्रश्न उभा राहिला. उत्तर निघालं ते त्याच गुंडाळ्यांतून. मॅनरच्या कोर्टात कुळाची जमीन नोंदली की त्या नोंदीची नक्कल कुळाला द्यायची. अशा कुळाला कायद्यात नावच पडलं 'कॉपीहोल्डर', नकलेवर जमीन धरणारा. ज्या दफ्तराची आजोबांनी होळी केली, त्याचीच हातभर नक्कल नातवानं घरच्या पेटीत कुलूप लावून ठेवली. जुन्या इंग्रजी घराण्यांच्या कागदांत तसल्या नकला अजून सापडतात. घडीवर घडी घातलेल्या, आणि घडीच्या रेघेवर अक्षरं झिजलेल्या.